कोठीतील हजेरी आणि बांबोळीपुढचा प्रश्न

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एप्रिल 2025 मध्ये काढलेले एक परिपत्रक देशभरातील वैद्यकीय प्राध्यापकांच्या थेट खिशात जाऊन बसले आहे. 1 मे 2025 पासून वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांची हजेरी भिंतीवरच्या बोटाच्या यंत्राऐवजी मोबाईलवरील आधार-आधारित चेहरा-ओळखीने, आणि तीही जीपीएसच्या साक्षीने नोंदवावी, असा तो आदेश होता. फोन बहुतेकांच्या बाबतीत स्वतःचा, चेहराही स्वतःचा. नोंद मात्र दिल्लीतील आयोगाच्या पटलावर. गोवा वैद्यकीय महाविद्यालय या आदेशाला अपवाद नाही. तरीही या आदेशाचे खरे वजन समजून घ्यायचे तर बांबोळीपेक्षा हैदराबादच्या कोठीकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. कार्यालयात यंत्र कसे आणावे आणि कसे आणू नये, याचे दोन्ही धडे त्या एका वस्तीत चालत काही मिनिटांच्या अंतरावर मिळतात.

इंग्रज रेसिडेंटसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या हवेलीवरून या भागाला कोठी हे नाव मिळाले. त्या हवेलीत आज महिला विद्यापीठ आहे. आजूबाजूला सुलतान बाजार, जुन्या पुस्तकांची दुकाने, इसामिया बाजारातील मराठी साहित्य परिषद आणि वैद्यकीय शिक्षण खात्याची कार्यालये. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयही येथेच. त्याचे मूळ 1846 सालच्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये आहे. पणजीत पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली ती 1842 मध्ये. म्हणजे गोमेकॉ आणि उस्मानिया या दोन संस्थांच्या वयात चार वर्षांचेच अंतर आहे. दोन्ही संस्थांनी आजवर राजवटी बदललेल्या पाहिल्या, मस्टर बदललेली पाहिली. आता दोघींसमोर एकच मोबाईल अ‍ॅप आहे.

आयोगाला हे पाऊल का उचलावे लागले, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण विरोधकांच्या बोलण्यात ते सहसा राहून जाते. कागदावर प्राध्यापक आणि वर्गात कोणीच नाही, ही आपल्या वैद्यकीय शिक्षणाची जुनी व्याधी. तपासणीच्या दिवशी बाहेरून डॉक्टर आणून उभे करायचे, तपासणी पथक गेले की त्यांनीही निघून जायचे, हा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला. 2023 च्या किमान निकषांमध्ये आयोगाने अध्यापकांना एकूण कामाच्या दिवसांपैकी किमान 75 टक्के हजेरी बंधनकारक केली आणि ती आधारशी जोडलेल्या यंत्रावरच मोजायची असे ठरवले. मग बोटाच्या यंत्रालाही पळवाट सापडली. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मान्यतेतील लाचखोरीबाबत केंद्रीय अन्वेषण विभागाने 2025 च्या मध्यास जो गुन्हा नोंदवला, त्यात कृत्रिम बोटांनी हजेरी लावल्याचाही आरोप आहे. हैदराबाद महापालिकेला तर हा अनुभव त्याआधीच आला होता. सफाई कामगारांच्या हजेरीसाठी आणलेल्या यंत्रांवर काही पर्यवेक्षकांनी बनावट ठसे वापरून गैरहजर माणसांचे पगार काढल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली, आणि महापालिका पुढे चेहरा-ओळखीकडे वळली.

तेव्हा चोरी खरी होती, आणि तिच्यावर उपाय शोधणे आयोगाचे कर्तव्यच होते. वाद उपाय ज्या रीतीने आला तिच्याविषयी आहे.

उस्मानियाचेच उदाहरण घ्यावे. हे महाविद्यालय कोठीत असले तरी त्याचे काम कोठीत मावत नाही. मुख्य रुग्णालय मुसी नदीकाठच्या अफजलगंजात. सुलतान बाजारातील प्रसूतिगृह आणि कोठीतील कान-नाक-घसा रुग्णालय जवळ आहेत, पण बालकांचे निलोफर रुग्णालय लकडीकापूलच्या बाजूला, डोळ्यांचे सरोजिनी देवी रुग्णालय मेहदीपट्टणमला, मानसिक आरोग्य संस्था आणि छातीविकार रुग्णालय एर्रागड्ड्याला. एखादा सहयोगी प्राध्यापक सकाळी कोठीत व्याख्यान देऊन दुपारी एर्रागड्ड्यात रुग्ण तपासत असेल, तर त्याचा 'परिसर' कोणता? जीपीएसला वर्तुळ लागते, आणि जुन्या सरकारी महाविद्यालयाचा आकार वर्तुळाचा नसतो. तो शहरभर पसरलेला असतो. जास्तीची ठिकाणे नोंदवता येतील, रजिस्टर दुरुस्त होईल, हे खरे. परंतु कोणते ठिकाण कोणासाठी, कोणत्या वारी, चुकलेली नोंद कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार, या प्रश्नांची उत्तरे यंत्र बसवण्याच्या आधी लिहून ठेवायची असतात. खासगी महाविद्यालयाच्या एका कुंपणाआड असलेल्या आवारासाठी आखलेला नियम उस्मानियाला जशाचा तसा लावला की प्रामाणिक माणूस आधी अडकतो. लबाडाला आवारात येऊन चेहरा दाखवून परत जाणे तुलनेने सोपे असते.

गोव्यातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. गोमेकॉचा मुख्य कारभार बांबोळीच्या टेकडीवर एकवटलेला असला, तरी त्याच्या प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाचे काम मंडूरच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात आणि सांताक्रूझच्या शहरी आरोग्य केंद्रात चालते. त्या विभागाच्या डॉक्टरने दिवसभर गावात फिरून काम केले, तर ते त्याच्या विषयाचे मुख्य कामच होय. आणि जीपीएसच्या दृष्टीने तोच डॉक्टर सर्वात संशयास्पद!

तेलंगणात या हजेरीने आणखी एक गोष्ट उघडी केली, आणि ती तिच्या पुरस्कर्त्यांनाही अवघड जाणारी आहे. राज्य स्थापन झाले तेव्हा, 2014 मध्ये, तेथे पाच सरकारी वैद्यकीय महाविद्यालये होती. 2019 पर्यंत ती नऊ झाली. त्यानंतर 2022 मध्ये आठ, 2023 मध्ये नऊ आणि 2024 मध्ये आठ अशी भर पडत संख्या 34 वर गेली. प्रत्येक जिल्ह्याला एक महाविद्यालय, ही घोषणा ऐकायला उत्तम होती. इमारती उभ्या राहतात, खाटाही येतात. पण शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक तीन वर्षांत तयार होत नाही. मग उस्मानिया, गांधी अशा जुन्या महाविद्यालयांतून माणसे जिल्ह्यांत पाठवणे आले. 2025 मध्ये आयोगाने राज्यातील बहुसंख्य सरकारी महाविद्यालयांना त्रुटींबद्दल नोटिसा दिल्या, तेव्हा त्यांत अध्यापकांची कमतरता आणि अपुरी हजेरी एकाच दमात मांडलेली होती. राज्याने त्याच वर्षी 607 सहायक प्राध्यापकांच्या भरतीची जाहिरात काढली, यावरूनच मूळ दुखणे कोठे होते ते कळते. ज्या पदावर माणूसच नाही त्याची गैरहजेरी चेहरा-ओळखीने पकडता येत नाही. पण पडद्यावर रिक्त जागा आणि दांडीबहाद्दर एकाच लाल रंगात दिसू लागले, की शासन भरतीच्या फाइलीऐवजी शिस्तीच्या फाइलीकडे वळते. ती स्वस्त पडते.

आता कोठीचा दुसरा धडा. महाविद्यालयापासून थोड्याच अंतरावर बँक स्ट्रीट आहे. भारतीय स्टेट बँकेचे हैदराबादमधील स्थानिक मुख्यालय याच रस्त्यावर, आणि जवळच्याच गनफाउंड्रीत पूर्वीच्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचे घर. निजाम सरकारने 1941 मध्ये स्थापलेली ही बँक मराठी माणसाला परकी नव्हती. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे निजामी राजवटीतील पाचही मराठी जिल्हे तिच्या कार्यक्षेत्रात होते. मराठवाड्यातील कित्येक घरांत 'हैदराबाद बँक' एवढाच उल्लेख पुरेसा असे. 1 एप्रिल 2017 रोजी ती इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसह स्टेट बँकेत विलीन झाली.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते विलीनीकरण हा प्रचंड प्रकल्प होता, आणि त्याचा तांत्रिक भाग आश्चर्य वाटावे इतका सुरळीत पार पडला. त्याचे श्रेय 2017 च्या घाईला देता येणार नाही. स्टेट बँक समूहाने सहयोगी बँकांसाठीही एकच मध्यवर्ती संगणकप्रणाली स्वीकारण्याचा निर्णय विलीनीकरणाच्या कितीतरी आधी, या शतकाच्या पहिल्या दशकात घेतला होता. दोन घरांची खतावणी आधीच एका भाषेत लिहिली जात होती. मधली भिंत पाडण्याचे काम तेवढे राहिले होते. माणसांच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ गेली नाही. ज्येष्ठता, बदल्या, गेलेल्या शाखा आणि गेलेले नाव यांची खंत दीर्घकाळ टिकली. सहयोगी बँकांतील सुमारे 2,800 कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली.

बँक स्ट्रीटचा खरा धडा याच्याही आधीचा आहे. भारतीय बँकांत संगणक आला तो वाटाघाटीने. बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात 8 सप्टेंबर 1983 रोजी यांत्रिकीकरण आणि संगणकीकरण यांविषयी करार झाला. यंत्रे कोठे व किती बसवायची, ती चालवणाऱ्याला कोणता भत्ता द्यायचा, कोणाचीही नोकरी त्यापायी जाणार नाही याची हमी कशी द्यायची, हे त्यात कलमवार लिहिले होते. रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढची दिशा आखली, आणि 1987 व 1993 च्या करारांनी मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्या. 'संगणक' हा शब्द कर्मचाऱ्यांना झोंबतो म्हणून शाखेत आलेल्या यंत्राला 'खतावणी यंत्र' असे सौम्य नाव दिले गेले, असे जुने बँक कर्मचारी आजही हसत सांगतात.

त्या काळाचे गुणगान करण्याचे कारण नाही. संघटनांनी कित्येकदा अकारण अडवणूक केली, ग्राहक पासबुक भरून घेण्यासाठी तासन्‌तास रांगेत उभा राहिला, आणि खासगी बँका नव्वदीच्या दशकात पहिल्या दिवसापासून संगणकावर उभ्या राहिल्या तेव्हा सार्वजनिक बँकांची दमछाक झाली. दहा वर्षे वाया गेली, असे म्हणणाऱ्यांचे पूर्णपणे चुकते असे नाही. परंतु त्या संथ कराराने एक गोष्ट साधली. यंत्र आले तेव्हा ते कोणाच्या विरोधात आहे, असा प्रश्न उरला नव्हता. चूक झाली तर कोणाकडे जायचे, हे कारकुनापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होते. 2017 मध्ये लाखो खाती काही आठवड्यांत एका छत्राखाली आली, त्यामागे या सवयीचाही वाटा होता.

आज वाटाघाटीची ती जागा परिपत्रकाने घेतली आहे, आणि कायदाही तिच्या बाजूला झुकलेला दिसतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या अटी बदलताना 21 दिवसांची सूचना देण्याचे बंधन होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. मात्र तंत्रातील बदलाला ते लागू होते ते मुख्यतः त्या बदलाने कामगार कपातीची शक्यता असेल तर. हजेरीचे यंत्र कोणाला काढून टाकत नाही, ते केवळ पाहत राहते. शिवाय प्राध्यापक डॉक्टर 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. ओडिशातील महालेखापाल कार्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑक्टोबरअखेर स्पष्ट केले, की कर्मचाऱ्यांशी आधी सल्लामसलत झाली नाही एवढ्याच कारणाने बायोमेट्रिक हजेरी बेकायदा ठरत नाही. निर्णय कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखा आहे. सल्लामसलत न करणे बेकायदा नाही, याचा अर्थ ते शहाणपणाचे आहे असा मात्र होत नाही, आणि नेमका तोच अर्थ कार्यालयांतून काढला जाण्याची भीती आहे.

खासगीपणाचा मूलभूत हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केला. त्यावर आधारलेला वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. पण या कायद्यातही नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे. त्याची मुख्य बंधने अमलात यायला नियम निघाल्यापासून अठरा महिने जायचे आहेत. म्हणजे 2027 चा मे महिना. तोवर डॉक्टरचा चेहरा आणि त्याची जागा यांची नोंद किती काळ ठेवायची, ती कोणी पाहायची, हे संस्थेच्या विवेकावर सोपवलेले आहे.

हैदराबादला चेहऱ्याच्या प्रश्नाचा आणखी एक संदर्भ आहे. 2021 मध्ये टाळेबंदीच्या काळात पोलिसांनी रस्त्यात अडवून आपले छायाचित्र घेतल्यानंतर सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांनी राज्याच्या चेहरा-ओळख यंत्रणेला तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या न्यायालयाची इमारत आणि उस्मानिया रुग्णालय मुसीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहेत. तो वाद पोलिसांचा, हा नोकरीचा. तरीही चेहरा एकदा नोंदला गेला की त्याचा वापर कोठे थांबतो, हा प्रश्न नदी ओलांडून जातो.

यंत्रानेच सर्व साधेल, या समजुतीला उतारा केंद्राच्याच अनुभवात आहे. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी छायाचित्रांसह मोबाईल अ‍ॅपवर नोंदवणे 2023 च्या आरंभापासून सर्वत्र सक्तीचे झाले. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावे लागले, की अ‍ॅपवर असंबद्ध छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत, आता माणसांनी ती तपासावीत. मानवी देखरेख टाळण्यासाठी आणलेल्या यंत्रावर देखरेख ठेवायला माणसे नेमावी लागली. सरकारी कामाला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही, हे वेगळे.

उस्मानियाच्या परंपरेतच या बाबतीत एक चांगला दाखला आहे. क्लोरोफॉर्म भूल म्हणून सुरक्षित आहे का, याचा शोध घेण्यासाठी 1888 मध्ये हैदराबादेत एक आयोग बसला. त्याच्या निष्कर्षांवर इंग्लंडमधून शंका घेतली गेली. तेव्हा निजामाच्या खर्चाने पुढच्या वर्षी दुसरा आयोग बसवला आणि शंका घेणाऱ्यांच्या बाजूचा तज्ज्ञ लंडनहून बोलावून त्याला प्रयोगांत सामील करून घेतले. त्या आयोगाचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, हा भाग निराळा. पण आक्षेप घेणाऱ्याला प्रयोगशाळेत बोलवावे, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या संस्थानाला सुचले होते. चेहरा-ओळखीच्या परिपत्रकाआधी एखाद्या जुन्या, विखुरलेल्या महाविद्यालयात एक सत्र तरी चाचणी घेऊन तेथील अध्यापकांना तिचा निकाल लिहायला सांगितले असते, तर निम्मे वाद जन्मालाच आले नसते.

गोव्याच्या हाती येथे काही करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. आयोगाचा आदेश बदलणे राज्याला शक्य नाही, परंतु आदेशाची अंमलबजावणी कशी करायची हे संस्थाच ठरवते. गोमेकॉचे अधिष्ठाता, आरोग्य खाते आणि अध्यापकांचे प्रतिनिधी एका खोलीत बसले, तर दोन-तीन पानांचे धोरण लिहायला फार दिवस लागू नयेत. सरकारी राज्य एवढे लहान, की संबंधित माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. तेलंगणात हेच 34 महाविद्यालयांसाठी करावे लागते. रात्रपाळीतून सकाळी सुटलेल्या निवासी डॉक्टरच्या वरिष्ठाची नोंद कोणत्या दिवसाची धरायची, शस्त्रक्रिया लांबल्याने बाहेर पडतानाची वेळ चुकली तर विभागप्रमुखाची सही पुरेशी आहे की नाही, फोन बिघडला किंवा एखाद्याने स्वतःचा फोन देण्यास नकार दिला तर संस्था आपले उपकरण देणार का, हे त्यात यावे. प्रत्येक विभागाच्या हजेरीच्या आकड्याशेजारी त्या विभागातील मंजूर आणि रिक्त पदांचा आकडाही छापला जावा, हा आग्रह तर अध्यापकांनी सोडूच नये. तो आकडा दिसला नाही तर तेलंगणाप्रमाणे येथेही हजेरी आणि टंचाई यांची सरमिसळ होईल, आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यांबरोबर बांबोळीच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून क्रमांक लावणाऱ्या काणकोण-पेडण्याच्या रुग्णाला बसेल.

हे धोरण कोकणी-मराठीतही उपलब्ध असावे, कारण यंत्रावरची नोंद पुढेमागे परिचारिका, तंत्रज्ञ आणि कंत्राटी सफाई कामगारांपर्यंत पोचणारच आहे. त्या वर्गाकडे ना संघटनेचे बळ आहे, ना न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत, आणि त्याची एक दिवसाची चुकलेली नोंद म्हणजे एका दिवसाचा पगार. हैदराबादच्या सफाई कामगारांच्या बाबतीत बनावट ठसे पर्यवेक्षकांनी लावले. कडक यंत्र आले ते मात्र झाडू हातात असलेल्यांसाठी. मंडूरच्या केंद्रातील डॉक्टरसाठी परिसराची व्याख्या आज केली, तर उद्या तेथेच काम करणाऱ्या मदतनीस बाईंसाठी ती वेगळी करावी लागणार नाही.